पाचवं बटण

आठे ये वं माय, अशी माझ्या जोडे बस. त्या खुर्चीवर नको, इथे पलंगाच्या कडेला. कागदावरच तर बसायचंय, त्याला कितीशी जागा लागते? वर्ष होत आलं, मी तुझं तोंड पाहिलेलं नाही. फोन करतेस, ते नाही म्हणत नाही मी. "मावशी, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? ठेवू का मग?" एवढ्यात मला गुंडाळून मोकळी होतेस. सुरत काय सातासमुद्रापार आहे? सकाळच्या गाडीत बसलं की नवापूरपर्यंत एक डुलकी होते, आणि नंदुरबारला उतरलं की दुपारचं जेवण माझ्याकडे. कापडावर फुलं काढायचं तुझं ते कॉम्प्युटरचं काम दोन दिवस थांबलं तर सुरतेच्या बायका काय बिनफुलांच्या साड्या नेसतील?

रागावू नकोस. मावशी आहे, एवढं बोलणारच. तू का येत नाहीस तेही मला ठाऊक आहे. दहाव्याच्या दिवशी तू न्हाणीपाशी पाय धूत होतीस, मी टॉवेल धरून उभी होते. तू मान वर न करता म्हणालीस, "मावशी, आईनं शेवटी मला एकदाही बोलावलं नाही गं." आणि मी काहीच बोलले नाही. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. पुढे महिन्याभरानं कळलं, तरीही मी बोलले नाही, आणि ते जास्त वाईट. फोनवर तोंडाशी यायचं, तेवढ्यात तू "ठेवू का" म्हणायचीस आणि मी "ठेव" म्हणायचे. मनातून सुटल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला सांगू. आता लिहितेच. लिहिताना मला कोणी अडवत नाही.

तुला माझा टायपिंगचा क्लास आठवतोच. याच पुढच्या खोलीत बारा मशीन होती. दारावरून जाणाऱ्याला वाटायचं आत पत्र्यावर गारा पडताहेत. मी कुठे शिकले होते? कुठेच नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा एका वकिलाचं जुनं मशीन माळ्यावर पडलं होतं. ते उतरवलं, पुसलं, पुस्तकातलं चित्र बघून बोटं ठेवली, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं गावातल्या निम्म्या कारकुनांना मी शिकवलं. तुझी आई रनाळ्याहून बाजाराला आली की दारात टेकून बघायची आणि म्हणायची, "मास्तरीनबाई, तुन्ही मशीन पोट भरस का वं?" मी म्हणायचे, "भरस." ती म्हणायची, "मंग माले बी एक भाकर टाइप करी दे." मुलं हसायची, मीही हसायचे. थोरली बहीण होती ती. शाळेत दोनच इयत्ता शिकली होती, पण तिच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

त्या क्लासात माझी एक सवय पडली, तीच पुढे नडली, म्हणून सांगते. खेड्यापाड्यातून आलेली पोरं मनानं उतारा टाइप करायला बसली की मराठीत मध्येच घरची अहिराणी घुसायची. 'आहे' च्या जागी 'शे' यायचा, 'माझा' च्या जागी 'मन्हा'. मी लाल पेन्सिलीनं गोल करायची. "हे घरी बोलायचं. कागदावर नाही." किती गोल केले असतील देव जाणे. तुलासुद्धा मी सोडलं नाही. सुट्टीत इथे यायचीस तेव्हा तू आईशी अहिराणीत बोलायचीस आणि माझ्याकडे वळलीस की झट्दिशी मराठीत. पाच वर्षांची पोर, पण तुला बरोबर कळायचं की कुणाशी कुठली. मला त्याचं फार कौतुक होतं.

मग तुझ्या आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतंय, फक्त जीभ ऐकत नाही. मी तिला रनाळ्याहून इथे आणलं आणि क्लासच्या खोलीत पलंग टाकला. मशीनं केव्हाच गेली होती. परीक्षा कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा घेतलेला एक कॉम्प्युटर तेवढा कोपऱ्यात होता. तू रजा काढून दोनदा आलीस. दुसऱ्यांदा निघताना तिनं डाव्या हातानं तुझी ओढणी धरून ठेवली होती. मीच तिची बोटं सोडवली. म्हणाले, "गाडी चुकेल तिची."

तिला काही हवं असलं की ती डाव्या हातानं पलंगाची पट्टी वाजवायची. मी धावत यायचे आणि सुरू करायचे: पाणी? भूक? कूस बदलू? पाय दुखतो? ती डोळे मिटायची. नाही, नाही, नाही. दहावा प्रश्न होईतो दोघी घामाघूम. एकदा चिडून तिनं वाटी भिरकावली. तिला फक्त पंखा बंद करून हवा होता.

एक दिवस मोबाईलवर हिंदीतला एक व्हिडिओ लागला. एक माणूस अंगठ्याएवढा बोर्ड दाखवत होता. म्हणाला, याच्यात प्रोग्रॅम भरून हा कॉम्प्युटरच्या यूएसबीत खुपसला की कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्डच लावलाय. बोर्डाला एक बटण जोडलं आणि ते दाबलं की अख्खं वाक्य टाइप होतं. कीबोर्ड शब्द ऐकल्यावर मी लाटणं खाली ठेवलं. बाकी जगातलं मला काही येत नसेल, पण कीबोर्ड माझा होता.

बाजारातला तो मोबाईल दुरुस्तीवाला आठवतो का? त्याचे आजोबा रेडिओ दुरुस्त करायचे, वडील टेपरेकॉर्डर. माझ्याच क्लासात शिकलाय, आता दाढी पिकली त्याची. त्यानं मला बोर्ड मागवून दिला आणि तारांना कथलाचा डाग द्यायला शिकवलं. माझा पहिला डाग बघून म्हणाला, "बाई, ये सोल्डर है के पुरणपोळी का पुरण?" मी म्हटलं, "तुझा पहिला उतारा अजून माझ्याकडे आहे. काढू का?" 

पहिले चार दिवस बोर्ड कॉम्प्युटरला दिसेचना. दिवा लागायचा, म्हणजे वीज जातेय, पण कॉम्प्युटर म्हणायचा, इथे कोणीच नाही. मी प्रोग्रॅम शंभरदा तपासला. वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा असतो, तो एक जरी राहिला तरी सगळं अडतं. एवढी शिस्त मला आवडली, ती क्लाससारखी होती. पण चूक तिथे नव्हतीच. शेवटी बोर्ड, केबल सगळं पिशवीत घालून दुकानात गेले. त्यानं केबल हातात घेतली, वाकवून बघितली आणि हसायला लागला. "बाई, इस में डेटा की तार हीच नहीं. ये सिर्फ चार्जिंग की है." आत चार तारा हव्यात, माझ्या केबलीत दोनच होत्या. वीज जात होती, निरोप जात नव्हता. दुसरी केबल लावली आणि कॉम्प्युटरनं टिंग केलं. बासष्टाव्या वर्षी मी त्या टिंगला टाळ्या वाजवल्या. तुझी आई पलंगावरून बघत होती. तिची भुवई वर गेली. म्हणजे, आते हाई काय नवं खूळ?

पुढे एकदा मी प्रोग्रॅम असा लिहिला की बोर्ड लावताक्षणी तो टाइप करत सुटला. थांबायचं कधी, ते सांगायलाच विसरले होते. जो प्रोग्रॅम दुरुस्त करायचा त्याच्यातच तो 'पाणी पाणी पाणी' भरत चालला. तुझी आई अर्ध्या तोंडानं इतकी हसली की मला तिची हनुवटी पुसावी लागली. आजारपणात ती तशी हसलेली तेवढीच. ते दिवस वाईट नव्हते गं. मी टेबलाशी, ती पलंगावर. ती सांगू शकत नव्हती आणि मी मान वर करत नव्हते, पण खोलीत दोघी होतो.

एक गोष्ट शिकताना मला फार नवल वाटलं. हा बोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो फक्त सांगतो, अमुक नंबरची कळ दाबली. त्या नंबरचं अक्षर कुठलं, ते समोरचा कॉम्प्युटर ठरवतो. मराठीचा कीबोर्ड निवडला तर मराठी, इंग्रजीचा निवडला तर इंग्रजी. मराठीचं कुठलं अक्षर कुठल्या कळीवर, हे मी झोपेतही सांगेन. त्यामुळे माझं काम सोपं. एकेका वाक्याची नंबरांची माळ करायची आणि बोर्डात भरायची.

चपलांच्या खोक्यावर पाच मोठी बटणं बसवली. तुझ्या आईला धड वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकावर चित्र: तांब्या, ताट, उशी, गोळ्यांचं पाकीट. आणि पाचव्यावर तुझा फोटो, तो निळ्या ओढणीतला. कॉम्प्युटरवर तुझ्या आईच्या नंबरावरून आपल्या तिघींचा ग्रुप उघडून ठेवला, की बटण दाबलं की निरोप एकदम माझ्या फोनवर आणि तुझ्याही. मला स्वयंपाकघरात कळेल काय हवंय, आणि तुला सुरतेत बसून कळेल आई केव्हा पाणी प्यायली.

आता वाक्यं. इथेच बघ.

'मला पाणी हवे आहे.' 'मला भूक लागली आहे.' 'कृपया माझी कूस बदला.' हो, कृपया सुद्धा! आणि पाचव्याला: 'मला तुझी आठवण येत आहे. तू कधी येणार आहेस?' पूर्णविराम, प्रश्नचिन्ह सगळं जागच्या जागी. परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले असते. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. लिहायचं म्हणजे असंच लिहायचं. बोर्डाला काय, त्याला सगळे नंबरच. 'माले पानी दे' चे नंबर तर कमीच झाले असते.

मी प्रत्येक बटण दाबून तिला वाक्य वाचून दाखवलं. पहिल्या चारांना तिनं मान हलवली. पाचवं वाचलं तशी तिनं डाव्या हाताचं बोट हलवलं. नाही. मला वाटलं बटण लांब पडतंय. जवळ घेतलं. पुन्हा दाबलं, वाचलं. पुन्हा बोट हललं. मला वाटलं स्प्रिंग जड आहे. दुकानात जाऊन हलकं बटण आणलं, डाग सोडवला, नवं बसवलं, वर लाल टोपी घातली. तरी नाहीच. मग तिनं बोटानं आपल्या ओठांवर दोनदा टकटक केलं आणि ते बोट माझ्याकडे केलं.

मी तिला पाणी पाजलं.

ती प्यायली. मग भिंतीकडे तोंड केलं. मी वहीत लिहून ठेवलं: 'बटण ५, दाब अजून कमी हवा.' ती वही आहे माझ्याकडे. बघवत नाही.

सांगणारं कोणी भेटलं नाही असंही नाही. रनाळ्याची तुमची शेजारीण तिला बघायला आली होती. मी मोठ्या तोऱ्यात तिला सगळं दाखवलं, पडद्यावरचं वाक्य वाचलं. 'मला भूक लागली आहे.' ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "वं माय, हाई कोन शे? तुन्ही बहीन असं कव्हय बोलनी? असं तं तलाठी बोलस!" तुझी आईही हसली. मी पण हसले, चहा टाकायला गेले. दाराशी ठेवलेली गोष्ट, आणि मी ओलांडून गेले.

आता तुझ्या बाजूचं. तुला आठवत असेल, सुरुवातीला तुझ्या फोनवर नुसता पाऊस पडायचा. बटणाच्या आत पत्री असते. ती दाबली की एकदाच टेकत नाही, थरथरते. आपल्याला वाटतं एकदा दाबलं, बोर्डाला वाटतं सहादा. 'तू कधी येणार आहेस?' 'तू कधी येणार आहेस?' सहा-सहा, आठ-आठ निरोप. तू लिहायचीस, "मावशी, टेस्टिंग?" मी लिहायची, "हो गं." कधी तू हात जोडलेलं चित्र पाठवायचीस. एकदा म्हणालीस, "मावशी, मीटिंगमध्ये फोन नाचतो माझा. बंद ठेवते हं हा ग्रुप." तुझी काय चूक? ती वाक्यं माझीच होती. प्रत्येक शब्दाला माझा वास. त्यात तुझी आई होतीच कुठे, की तू तिला ओळखावंस?

मी ते थरथरणं पुढे मोडून काढलं. प्रोग्रॅममध्ये अट घातली: बटण दाबलं की निरोप एकदाच पाठव. मग बोट पुरतं उचललं जाईपर्यंत, आणि उचलल्यावरही दोन सेकंद जाईपर्यंत, काही पाठवू नकोस. त्या अटीपायी चार दुपारी घातल्या. नीट चालायला लागलं तेव्हा वाटलं, तुला फोन करून सांगावं. पण म्हटलं, पोरगी माझ्या टेस्टिंगला कंटाळलीय, कशाला छळायचं? नाही सांगितलं. आणि तुझी आई तर पाचव्या बटणाला हात लावत नव्हती. पाणी, ताट, उशी एवढंच.

मग ती दुपार आली. तुझी आई जेवून पडली होती. मी मागच्या अंगणात मिरच्या उलटत होते. हात तिखटानं माखलेले, फोन घरात. आत आले तर फोन सारखा वाजतोय. उघडला तर तुझ्या फोटोचं बटण: 'मला तुझी आठवण येत आहे. तू कधी येणार आहेस?' खाली तेच, त्याखाली तेच. आणि सगळ्यात शेवटी तुझं: "मावशी, बटण परत अडकलं वाटतं तुझं."

मी काय केलं, ते लिहायला मला एक वर्ष लागलं.

खोलीत गेले. तिचा हात खोक्यावर होता. मी म्हटलं, "थांब, थांब, बिघडलंय ते," आणि कॉम्प्युटरच्या मागची केबल ओढून काढली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे नाही, केबलच्या टोकाकडे बघत होते, वाकलंय का ते. तिनं आणखी एकदा बटण दाबलं. केबल माझ्या हातात. मी म्हटलं, "नाही जायचं आता. उद्या दुरुस्त करते." आणि तुला लिहिलं, "हो गं, अडकलंय. काढलं. आई बरी आहे, काळजी करू नकोस."

दुसऱ्या दिवशी चुलीपुढचं, बाहेरचं काहीबाही निघालं, दुरुस्ती राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा झटका आला. तू पोचलीस तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. खोकं मी घाईघाईनं कपाटावर ठेवलं होतं, केबल त्याला गुंडाळलेली.

महिनाभर मी त्याला हात लावला नाही. मग तो दुरुस्तीवाला घरी आला. त्याच्या चुलत्याला लकवा झाला होता. म्हणाला, "बाई, वो बनाया था ना आपने, मुझे समझा दो." मी खोकं उतरवलं, कॉम्प्युटर लावला, प्रोग्रॅम उघडला आणि क्लासात सांगायचे तसं त्याला ओळीनं सांगत गेले. ही वाक्यांची माळ, ही बटणं, ही अट. त्यानं विचारलं, "बटन अटक गया तो? एकसारखा भेजताच रहेगा?" मी म्हटलं, "छे. अडकलं तर एकच जाईल. बोट उचलल्याशिवाय दुसरा निरोप जाऊच शकत नाही. मी तशी..."

 तो म्हणाला, "क्या हुआ बाई? पानी लाऊ?"

तो गेल्यावर मी ग्रुप उघडला आणि त्या दुपारचे निरोप मोजले. अकरा. दोन वाजून बत्तीस मिनिटांनी पहिला, शेवटचा तीनच्या पुढे. काही मिनिटाभरानं, काही चार मिनिटांनी. सात आणि आठच्या मध्ये बरंच अंतर आहे. हात दमला असेल तिचा, खाली ठेवला असेल. मग पुन्हा उचलला. अकरा वेळा दाबलं, अकरा वेळा उचललं. माझ्याच हातानं लिहिलेल्या अटीनं मला ते सांगितलं. ती अट लिहिणारी मी, आणि त्या दुपारी तिच्यावर विश्वास न ठेवणारीही मीच. केबल काढल्यावरचं बारावं तर कुठेच नाही. ते फक्त मी बघितलंय.

तेव्हा कुठे ते ओठांवरचं टकटक मला उमगलं. तोंड, आणि मग मी. हे तुझ्या तोंडचं आहे, माझ्या नाही. आणि तरी शेवटी तिनं तेच दाबलं. दुसरं होतंच काय तिच्याजवळ? बहिणीची परकी मराठी, तर तीच. तीतून तरी पोरीला कळेल म्हणून.

फोन ठेवताना ती तुला काय म्हणायची, आठवतं ना? चार शब्द. तुझं उत्तर ऐकायला थांबायचीसुद्धा नाही, बोलली की कट. तू तिची नक्कल करायचीस आणि ती लटकं रागवायची. ते चार शब्द त्या दुपारी तुझ्या फोनवर एकदा जरी उमटले असते, तर तू मीटिंगमधून उठली असतीस, चप्पल घालायला थांबली नसतीस. नंबर तेच होते गं. कळा त्याच होत्या, माझ्या बोटांना तोंडपाठ. पण हाताला लाल पेन्सिलीची सवय होती.

तर हे सांगायचं होतं. तिनं तुला एकदाही बोलावलं नाही, असं पुन्हा म्हणू नकोस. अकरा वेळा बोलावलंय. तू ग्रुप पुसला नसशील तर काढून बघ, वेळांसकट आहे. चूक तुझी कुठेच नाही. तुला जे आलं ते माझं होतं, आणि माझं म्हणूनच तू वाचलंस. मला शिव्या दे, हवं तर सहा महिने बोलू नकोस. पण हे समोर बसून कर. लांबून केलेला राग मला सोसत नाही.

बघ, हे लिहितानासुद्धा बोटं मराठीतच चाललीत. लिहायला बसलं की वळत नाहीत दुसरीकडे, तीच सवय पडलीय त्यांना. तरी एक काम मी केलंय. गेल्या आठवड्यात खोकं उतरवलं, पुसलं, आणि पाचव्या बटणाचं वाक्य बदललं. कॉम्प्युटरनं त्या शब्दांखाली लगेच लाल रेघ ओढली, चुकलं म्हणून. राहू दिली. ते मी तुला पाठवणार मात्र नाही. फोनवर आलं तर तू म्हणशील, मावशीचं टेस्टिंग सुरू झालं. तू ये, तिच्या पलंगावर बस आणि तुझ्या हातानं दाब. बटण हलकं आहे.

शनिवारची सकाळची गाडी धर. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पडल्यात, स्टेशन यायच्या आधीच तुला शिंका येतील, म्हणजे नंदुरबार आलं. रिक्षा नको करूस, मी येते घ्यायला. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आणि ठेचा करून ठेवते, तुला आवडतो तसा, तेल जास्त घालून. रविवारी आपण दोघी रनाळ्याला जाऊ, घर उघडू, झाडून घेऊ. त्या शेजारणीलाही बोलवू. हसू दे तिला माझ्यावर हवं तेवढं.

आणि उत्तर लिहीत बसू नकोस, फोनही करू नकोस. बेगी ये वं माय.